माक्याच्या लेखाला फोटो माक्याचाच हवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत मध्यंतरी घरच्या घरी माक्याचं, म्हणजे भृंगराजाचं, तेल कसं करायचं यावर लेख आला होता. लेख आवडला, तेलाचं प्रमाण, आच किती ठेवायची, कधी गाळायचं, सगळं नीट लिहिलं होतं, पण वर जो एवढा मोठा रंगीत फोटो छापलात ना, पिवळ्याधमक फुलांचा आणि चकचकीत पानांचा, तो माका नाहीये. ते वेडेलिया आहे. हायवेच्या डिव्हायडरवर, सोसायटीच्या कंपाउंडच्या कडेने, बागेत लॉनऐवजी जे दाट हिरवं पसरवतात आणि ज्याला जवळजवळ वर्षभर पिवळी फुलं असतात ना, तेच. हे फक्त तुमच्याच पेपरात झालंय असं मी म्हणत नाही, नेटवर माका म्हणून शोधलं की भलत्याच झाडांचे फोटो ढिगाने येतात आणि बहुतेक तिथूनच तो उचलला गेला असणार. पण पेपरचं वेगळं असतं हो. व्हॉट्सअॅपवर आलेलं माणूस एक वेळ सोडून देतो, पेपरातलं कात्रण मात्र कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवणारे लोक आमच्याकडे अजून आहेत, आणि त्यात चूक असली तर ती वर्षानुवर्षं तिथेच राहते, म्हणून हे जरा मोठं पत्र लिहितेय.

आमच्या शेजारची मुलगी तेच कात्रण घेऊन माझ्याकडे आली होती, हातात पिशवीभर वेडेलिया. "काकू, एवढा पुरेल का एक लिटर तेलाला?" म्हणाली. मी म्हटलं अगं हा माका नाहीच, तर तिला पटेना, पेपरात दिलंय म्हणाली, आणि तिचं तरी काय चुकलं. मग तिला मागच्या पऱ्ह्याकडे, म्हणजे ओढ्याकडे नेलं, चिखलात बोटं घालून एक फांदी उपटून दिली, देठ मोडून दाखवला. तर म्हणते कशी, हे तर आमच्या मोरीच्या बाहेर कितीतरी आहे, आई तण म्हणून उपटून टाकते. मला खरंच वाईट वाटलं. घराबाहेर फुकट उगवणारी वस्तू टाकून द्यायची आणि डिव्हायडरवरून धुरात माखलेली भलतीच पानं आणून उकळायची, आणि हे का, तर कोणी नीट दाखवलंच नाही म्हणून.

तर आधी ओळख, कारण सगळं तिथेच अडतं.

माका दिसायला अगदी साधा. पावसाळ्यात ओलसर जागी, भातखाचराच्या बांधावर, विहिरीच्या पन्हळीखाली, नळाच्या आसपास उगवतो, काही वेळा जमिनीला धरून लोळतो तर काही वेळा गुडघ्याएवढा उभा वाढतो, जागा आणि ओल कशी मिळते त्यावर आहे. खोड हिरवं किंवा तांबूस. पानं समोरासमोर, लांबट, टोकाला निमुळती, आणि त्यांना देठ जवळजवळ नसतोच, पान थेट खोडाला चिकटलेलं. पानावरून बोट फिरवलं की खरखरीत लागतं, कारण बारीक पांढरी लव असते आणि ती पानाला लागून आडवी पडलेली असते. वेडेलियाचं पान जाड, वरून चकाकणारं, आणि बहुतेक पानांना दोन्ही बाजूंना एक एक कान फुटून तीन भाग झालेले दिसतात, म्हणून तर त्याच्या शास्त्रीय नावात ट्रायलोबाटा आहे. नुसत्या पानांवरून सुद्धा हे दोन वेगळे कळतात, फूल येईपर्यंत थांबायची गरज नाही.

पण फूल बघाच. माक्याचं फूल पांढरं असतं, आणि लहान, जेमतेम पाऊण सेंटिमीटर रुंदीचं, पानाच्या बेचक्यातून एकटं किंवा जोडीने बारीक देठावर येतं. आता आपण ज्याला एक फूल म्हणतो ते खरं तर एक फूल नसतंच, सूर्यफुलाच्या कुळातली सगळी मंडळी अशीच, शेवंती घ्या, झेंडू घ्या, आपली करडई घ्या, एका हिरव्या बैठकीवर कितीतरी फुलं दाटीने बसवलेली असतात. माक्यात बाहेरच्या बाजूला बारीक पांढऱ्या पट्ट्या असतात, भरपूर, दोनेक रांगांत, इतक्या अरुंद की लांबून झालर दिसते, आणि मधे बारीक नळ्यांची फुलं असतात, तीही पांढरटच, भिंग असेल तर त्या नळीच्या तोंडाला चार पाकळ्या मोजता येतात. मुलांना हे भिंगाखाली दाखवा, मी शाळेत विज्ञान शिकवायचे तेव्हा दरवर्षी दाखवायचे, पहिल्यांदा बघणारं प्रत्येक पोर पुन्हा भिंग मागायचं. पांढऱ्या पट्ट्या गळून गेल्या की खाली हिरवी चपटी चकती उरते, तिच्यात बिया घट्ट बसलेल्या, आधी हिरव्या आणि पिकल्या की काळ्या, दोन-तीन मिलिमीटरच्या, अंगावर बारीक फोड असलेल्या. या बियांना उडायला कापूस नसतो. ही खूण फार महत्त्वाची आहे, पुढे एकदांडीचं सांगेन तेव्हा लक्षात येईल.

आणि मग ती काळं पडायची परीक्षा. माक्याचं पान दोन बोटांत चुरडून रस तळहातावर चोळा, किंवा कोवळं खोड मोडून थोडा वेळ तसंच ठेवा. आधी हिरवं असतं, मग बघता बघता निळसर काळं होत जातं, हवा लागली की रंग बदलतो. बोटांना लागलेला डाग लगेच जात नाही. हाच रंग पूर्वी गोंदायला वापरायचे. माझी आजी सुती फडकं माक्याच्या रसात भिजवून सावलीत वाळवायची आणि त्याची वात करून काजळ धरायची, तिची बोटं त्या दिवसांत कायम काळपट असायची. फक्त एक लक्षात ठेवा, नुसतं काळं पडतंय म्हणून माका असं म्हणू नका, रस काळपट होणारी आणखीही झाडं आहेत. पान, पांढरं बारीक फूल, कापूस नसलेलं बी आणि मग रस, असं सगळं जुळलं तरच माका.

आता गोंधळ कुणाकुणाशी होतो ते सांगते. वेडेलियाचं बोललेच. त्यात आणखी एक भानगड अशी की पिवळा माका म्हणून एक खरोखरची औषधी वनस्पती आहे, पीतभृंगराज म्हणतात तिला, ती याच वेडेलियाची जवळची नातेवाईक, पण डिव्हायडरवर लावतात ती ती नव्हे. डिव्हायडरवरचं वेडेलिया मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं, शोभेसाठी आणलेलं. नर्सरीत विचारलं की पिवळा माका, बिनधास्त लावा असं सांगून तेच हातात देतात, मला स्वतःला एका नर्सरीत असंच दिलं होतं, मी तिथल्या तिथे परत केलं. हे पिवळा माका नाव ऐकूनच लोक तेलात टाकतात, माझी खात्री आहे. आणि या वेडेलियाबद्दल अजून एक सांगायलाच हवं, जगातल्या सगळ्यात त्रासदायक 100 आक्रमक प्रजातींची जी यादी 2000 साली निघाली त्यात ते आहे. त्याची फांदी जिथे जमिनीला टेकते तिथे मुळं सुटतात, छाटून नाल्यात फेकलेला तुकडा सुद्धा वाहत जाऊन कुठेतरी रुजतो, आणि खाली दुसरं काही उगवू देत नाही. आमच्या पऱ्ह्याच्या एका बाजूने ते आलंय आणि तिथला माका, ब्राह्मी सगळं गेलं. ज्यांनी लावलंय त्यांनी छाटलेल्या फांद्या निदान नाल्यात टाकू नका, उन्हात पूर्ण वाळवा मगच टाका, एवढं जरी लोकांनी केलं तरी खूप आहे.

दुसरी एकदांडी. हिच्याशी होणारा गोंधळ मला जास्त काळजीचा वाटतो कारण हा गोंधळ जुना आहे, आणि काही ठिकाणी बाजारात भृंगराज म्हणून एकदांडीच विकली जाते. एकदांडी म्हणजेच दगडी पाला, जखमजोडी, कंबरमोडी, जिल्ह्याजिल्ह्यात नाव बदलतं. कोरड्या जागी, रस्त्याच्या कडेला, भिंतीच्या फटीत, मैदानावर सगळीकडे असते, हिलाही ओल चालते पण माक्यासारखी चिखलाची हौस नाही. मातीतनं आडव्या फांद्या आणि त्यातून वीतभर उंच सरळ बारीक दांडा, त्या दांड्याच्या टोकाला एकच फूल, दांड्यावर एकही पान नाही. हे एकदा नीट बघितलं की कधी चुकत नाही. फुलाचा मधला भाग पिवळा, कडेला मोजक्याच पाकळ्या, साधारण पाच, फिकट पिवळसर पांढऱ्या, आणि प्रत्येक पाकळीच्या टोकाला तीन दाते. पान खोलवर कातरलेलं. आणि बी पिकलं की फुलाच्या जागी पिसांचा मऊ पांढरट गोळा होतो, फुंकर मारली की उडतो. वर म्हटलं ना, माक्याचं बी उडत नाही, ते पाण्याबरोबर आणि पायाच्या चिखलाबरोबर जातं. एकदांडीही गुणाचीच आहे, शेतात कोयत्याने बोट कापलं की पाला चोळून लावतात ती हीच, फुलपाखरं तर तिच्यावर सतत असतात, तिला कमी लेखत नाहीये मी, पण माका म्हणून ती पोटात घ्यायची नाही.

तिसरी ओसाडी. हिला पांढरी किंवा फिकट जांभळी फुलं झुपक्याने येतात, दिसायला केसाळ गोंड्यासारखी, पाकळ्या अशा नसतातच. पान चुरडलं की उग्र वास येतो. फूल नसताना कोवळी ओसाडी बघून काही जण फसतात, आणि हिच्यात यकृताला अपाय करणारी अल्कलॉइड नावाची द्रव्यं असतात, म्हणजे बघा, माक्याचा रस लोक नेमका काविळीत, यकृतासाठी म्हणून पितात आणि त्यात ही आली तर काय होईल. गाजर गवताचं वेगळं सांगायला नको, 1955 च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलं आणि आज देशभर आहे, त्याची फुलं पांढरी बारीक असतात हे खरं पण पान गाजरासारखं कातरलेलं, ते सगळ्यांना कळतं. त्याच्या नुसत्या स्पर्शाने अंगाला खाज येणारे लोक आहेत, तेव्हा पांढरं फूल दिसलं की हात घालायचा असं करू नका.

मोबाईलवर फोटो काढून ओळखायची अॅप आलीत, मी पण वापरते, चांगली आहेत. पण फूल नसलेल्या कोवळ्या रोपाचा वरून काढलेला एक फोटो टाकून जे नाव येईल ते खरं मानू नका. फुलाचा जवळून एक, पान खोडाला कसं जोडलंय त्याचा एक, आणि बीचा एक असे फोटो टाकले तर उत्तर बरंच बरोबर येतं, तरीही शेवटी गावातल्या एखाद्या जाणत्या बाईला किंवा वैद्यांना दाखवाच.

हे सगळं एवढं का ताणून सांगतेय तर पुढे गणपती येतात. गणपतीच्या एकवीस पत्रींत माका आहे, आणि लगेच पितृपंधरवडा, तेव्हा श्राद्धाला तुळशीबरोबर माका लागतो, त्या पंधरा दिवसांत शहरांतल्या मंडईत माक्याच्या जुड्या भराभर खपतात. मी पत्रीचे वाटे दरवर्षी सोडून बघते. बऱ्याच वाट्यांत माका खरा असतो, पण काहींत एकदांडी असते, आणि हल्ली वेडेलियाही सापडायला लागलंय. विकणाऱ्या बायकांना मी दोष देत नाही, पहाटे उठून चालत जाऊन गोळा करतात, मिळेल ते आणतात, आणि घेणाऱ्यालाच ओळखता येत नसेल तर त्यांनी तरी कुणासाठी निवडत बसायचं. घेणाऱ्याने पांढरं फूल आणि खरखरीत पान बघून घेतलं तर विकणारीही तसंच आणेल.

आणि पूजेतलं एक वेळ राहू द्या, देव भावाचा भुकेला असतो, पण तीच जुडी दुसऱ्या दिवशी तेलात जाते किंवा सकाळी रस काढून पोटात जाते. माका ओलीत उगवतो हाच त्याचा धोका आहे. शहरात ओल कुठे असते, तर गटाराच्या कडेला. सांडपाण्याची घाण तर असतेच, शिवाय गॅरेजचं, कारखान्याचं पाणी जिथे येतं तिथल्या मातीतले जड धातू झाडात उतरतात आणि ते धुऊन जात नाहीत. मीठ-पाण्याने धुतला, हळदीच्या पाण्याने धुतला म्हणून तो माका खाण्याजोगा होत नाही. म्हणून मी म्हणते की ज्यांना वापरायचाय त्यांनी घरात कुंडीत लावा. इतकं सोपं झाड दुसरं नाही.

लावायचं कसं तर दोन प्रकार. फांदीपासून लावणं सगळ्यात सोपं. चांगल्या स्वच्छ जागेवरच्या माक्याची वीतभर फांदी घ्या, खालची पानं काढा, आणि दोन-तीन पेरं मातीला टेकतील अशी आडवी ठेवून वर थोडी माती दाबा. पेरापेराला मुळं फुटतात, ओल असली की आठवड्याभरात नवीन पालवी दिसते. नुसतं पाण्याच्या ग्लासात ठेवलं तरी मुळं येतात. दुसरं बियांपासून. काळ्या झालेल्या चकत्या खुडून कागदावर चोळल्या की बी सुटतं. आता इथे एक गोष्ट बहुतेक लोक करतात ती करू नका, बी मातीत पुरू नका. माक्याच्या बीला उगवायला उजेड लागतो, अंधारात ते उगवतच नाही, म्हणून माती ओली करून बी वर भुरभुरायचं, तळहाताने हलकं दाबायचं आणि बस्स. पाणी झारीने सुद्धा घालू नका सुरुवातीला, बी वाहून एका कोपऱ्यात जमा होतं, स्प्रेने घाला. आणि उबदार हवा लागते, जून-जुलै उत्तम, थंडीत टाकलंत तर वाट बघत बसाल.

कुंडी खोल नको, पसरट घ्या, जुना टब, तळ गेलेली बादली, काहीही चालेल. माती जरा चिकट असलेली चांगली, नुसतं कोकोपीट भरलंत तर उन्हाळ्यात दुपारपर्यंत कोरडं होऊन रोप मान टाकतं. निम्मी साधी माती, बाकी शेणखत किंवा गांडूळखत, थोडी वाळू, एवढं पुरे. रासायनिक खताची काही गरज नाही, हे भाताच्या खाचरातलं तण आहे, आमच्याकडे बेणणीला, म्हणजे तण काढताना, बायका जे उपटतात त्यात हे हमखास असतं, ते काय खत मागणार. ऊन मात्र हवं, निदान चार-पाच तास, सावलीत ते लांबच लांब वाढतं, पान पातळ होतं आणि फूल कमी येतं. पाण्याचं म्हणाल तर जास्त झालं तरी मरत नाही, उभ्या पाण्यातही तग धरतं, पण कुंडीखालच्या बशीत पाणी साठवून ठेवू नका, डेंग्यूचे डास होतात. पाणी कमी पडलं तर मात्र लगेच रुसतं. एप्रिल-मे मधे दुपारच्या उन्हातून सरकवा.

फुलं यायला लागली, बी धरायच्या आधी, तो काढायचा काळ. मुळासकट उपटू नका, जमिनीपासून चार बोटं ठेवून कात्रीने कापा, पुन्हा फुटतो. थोडं बी ठेवायचं असेल तेवढ्याच एक-दोन फांद्या सोडा, नाहीतर पुढच्या पावसात सगळ्या कुंड्यांत माकाच माका होईल, आणि शेजाऱ्यांच्याही. हे झाड एका हंगामाचं आहे, म्हातारं झालं की खोड कडक होऊन पानं झडतात, तेव्हा घाबरू नका, त्याच्याच कोवळ्या फांद्या काढून नव्याने लावत राहिलात तर वर्षभर घरात माका राहतो. शहरात दोन टबांत एका घराला पुरेल इतका होतो. आणि सोसायटीत कुणाला पत्रीला, श्राद्धाला हवा असेल तर त्यांनाही देता येतो, आमच्याकडे आता लोक आधीच सांगून ठेवतात.

तेलाबद्दल तुमच्या लेखात होतंच, त्यात माझी एकच भर. ताजी पानं तेलात टाकण्याआधी धुऊन पूर्ण निथळू द्या, पाण्याचा अंश राहिला तर तेल उडतं आणि नंतर त्याला लवकर वास येतो. रस घालून करत असाल तर रसातलं पाणी पूर्ण आटेपर्यंत, तडतड थांबेपर्यंत मंद आचेवर ठेवायला हवं. जुन्या पद्धतीत तिळाचं तेल, आमच्याकडे खोबरेल, दोन्ही चालतं. केस उगवतात का हा प्रश्न मला सारखा विचारतात. उंदरांवर प्रयोग झालेत आणि त्यात केसांची वाढ दिसली आहे, पण उंदरावर झालं म्हणून टक्कल पडलेल्याला केस येतील असं मी कुणाला सांगणार नाही आणि पेपरनेही सांगू नये. तेल लावल्याने डोकं शांत राहतं, केस मऊ राहतात, हे मी अनुभवाने सांगते. पोटात घ्यायचा असेल तर वैद्यांना विचारूनच, गरोदर बायकांनी आणि ज्यांना आधीच यकृताचा त्रास आहे त्यांनी तर स्वतःच्या मनाने अजिबात नको. काविळीसाठी रस पाजत बसून रक्त तपासायला उशीर झाल्याचं मी आमच्या आसपास पाहिलंय, आणि कावीळ हे नुसतं लक्षण आहे, त्यामागे काय आहे ते डॉक्टरच शोधू शकतात.

आता तुमच्याकडे विनंती. पहिली म्हणजे त्या फोटोची दुरुस्ती छापा, आणि छोट्या चौकटीत नको, पुरवणीत जिथे लेख होता तिथेच, तेवढ्याच आकाराचा खऱ्या माक्याचा फोटो छापा. फोटो असा हवा की शेजारी पट्टी ठेवलेली असेल म्हणजे फूल किती लहान आहे ते कळेल, कारण पेपरात मोठं करून छापलं की सगळीच फुलं एकसारखी मोठी दिसतात आणि फसायला तिथूनच सुरुवात होते. शेजारी एकदांडीचा आणि वेडेलियाचा फोटो द्या, खाली नावं ठळक.

दुसरी, वनस्पतींवरच्या कुठल्याही लेखाचा फोटो नेटवरून घेऊ नका. तुमचे वार्ताहर तालुक्या-तालुक्यात आहेत, बहुतेक तालुक्यांच्या ठिकाणी कॉलेज आहे, वनस्पतीशास्त्र शिकवणारं कुणी ना कुणी आसपास सापडतं, त्यांना एक फोन केला तर आनंदाने सांगतील. पुण्यात बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडियाचं पश्चिम विभागाचं कार्यालय आहे, दापोलीला कृषी विद्यापीठ आहे, माणसं कमी नाहीत आपल्याकडे. स्वयंपाकाच्या पाककृतीत मीठ जास्त छापलं गेलं तर भाजी खारट होईल एवढंच, पण औषधी झाडाचा फोटो चुकला तर दुसरंच झाड पोटात जातं.

तिसरी विनंती तुमच्यामार्फत नगरपालिकांना आणि रस्ते बांधणाऱ्यांना. डिव्हायडरवर नवीन वेडेलिया लावणं बंद करा, निदान जिथून पाणी नदीनाल्यात जातं तिथे तरी. जमीन झाकायला दुसरी कितीतरी झाडं आहेत.

सोबत मी माझ्या टबातल्या माक्याचे फोटो पाठवतेय, फूल, बी, मोडलेला देठ आणि रस काळा होताना लागोपाठ काढलेले. पट्टी ठेवून काढलेत. एकदांडी आणि वेडेलियाचेही आहेत, प्रत्येक फोटोच्या मागे नाव लिहिलंय. तुम्हाला हवे तसे वापरा, माझं नाव छापायची गरज नाही. फक्त गणपतीच्या आधीच्या रविवारी येतील असं बघा, कारण पत्री घ्यायला लोक त्याच आठवड्यात बाहेर पडतात.

आपली,
एक जुनी वाचक
चिपळूण